कुंपणापलीकडचं हिरवं

सोमवार, ता. ४

पोचले एकदाची. दोन बस बदलल्या आणि शेवटचा टप्पा दुधाच्या गाडीतून केला. मागे रिकामे कॅन इतके खडखडत होते की गाडीवाल्याच्या गप्पांमधलं निम्मं मला कळलंच नाही. पण तो हसला की मीही हसत होते, त्यामुळे आमचं छान जमलं.

ताईचा पाय मोडल्याचा फोन आला तेव्हा आमचं शिवणकामाचं दुकान रंगकामासाठी बंदच होतं. महिनाभर घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बहिणीच्या गाईंकडे बघू, म्हटलं. आमच्या मालकीणबाईंनी विचारलं, गाईचं पुढचं टोक कोणतं ते तरी माहीत आहे का? म्हटलं, शिंगं असतात ते.

ताई पुढच्या खोलीत खिडकीशी पलंगावर आहे. उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. धार काढताना गाय बिथरली आणि ही दगडी गव्हाणीवर आपटली. मला बघून गळ्यात पडून रडेल असं वाटलं होतं. तिने पहिलं वाक्य टाकलं ते असं, की कोंबड्यांचं दार उघडं ठेवून आलीस, आधी ते लाव. खिडकीतून तिला गोठा, अंगण, पाण्याचा हौद, कुरणाचा उतार असं सगळं दिसतं, आणि दिसेल त्यावर ती ओरडते.

भावोजी उंच, वाळके, अबोल. जीप बंद पडली आहे, तर म्हणतात उद्या बघू. गोठ्यातला नळ गळतो, उद्या बघू. माणूस चांगला आहे, पण उद्याचा आहे.

जेवताना ताईने दुधाचा पेला पुढे केला. मला लहानपणापासून दूध सोसत नाही, पोटात नुसता गडगडाट होतो, हे ती दर वेळी विसरते. मी आपला कोरा चहा घेतला.

उन्हाळा संपत आला आहे, त्यामुळे सगळीकडे करपलेलं. कुरण जुन्या गोणपाटासारखं दिसतं. फक्त खाली, उताराच्या पायथ्याशी, कुंपणापलीकडे एक तुकडा हिरवागार आहे. गोणपाटाला कुणी मखमलीचं ठिगळ लावावं तसा. दिवसभराच्या धुळीनंतर डोळ्यांना बरं वाटलं.

बुधवार, ता. ६

अंगातलं असं एकही हाड नाही जे दुखत नाही.

गाई सात. नावं ताईने स्वभावावरून ठेवली आहेत. बडबडी सतत हंबरते. राणीसाहेब शेवटी उठतात. चोरटीला दुसरीच्या गव्हाणीतलंच गोड लागतं. बाकीच्या चौघी मला अजून सारख्याच दिसतात आणि त्यांनाही मी फारशी वेगळी वाटत नसावी. काल एकीने माझ्या ओढणीचं टोक खाल्लं.

धार काढायला भावोजींनी शिकवलं. शिकवलं म्हणजे करून दाखवलं आणि निघून गेले. मी अर्धा तास झटून वाटीभर काढलं. खिडकीतून ताई ओरडत होती, अगं पिळू नकोस, ते ओलं फडकं नाही! मग शेण काढलं, गोठा धुतला, हौद भरला. धुतलेल्या जागेवर राणीसाहेबांनी लगेच आपलं मत नोंदवलं.

एवढं करून टेकते तोच चोरटी गायब. खालचं कुंपण पाडून त्या हिरव्या तुकड्यात उभी. दोन खांब आडवे, तार लोळत पडलेली. तिला बाहेर काढायला भावोजी आणि मी, दोघं लागलो. मग मी खांब पुन्हा उभे केले आणि तार ओढून बांधली. शिवणकाम करणारी बाई आहे, टाका पक्का घालते. भावोजींना म्हटलं, दोन नवे खांब द्या, एकदाच नीट करून टाकू.

उद्या बघू म्हणाले.

शुक्रवार, ता. ८

कुंपण पुन्हा पाडलं! काल चोरटी आणि बडबडी, आज आणखी दोघी. सकाळी बांधावं, दुपारी मोडलेलं. तळहातांना तारेचे ओरखडे पडलेत. मी ताईवर चिडले, ताई भावोजींवर चिडली, भावोजी जीपखाली जाऊन आडवे झाले. जीप काही सुरू झाली नाही.

एक गोष्ट विचित्र आहे. गाय खाल्ल्यावर सावलीत बसून रवंथ करते, गिळलेलं परत तोंडात आणून तासन्‌तास चघळत राहते. रवंथ करणारी गाय म्हणजे सुखात असलेली गाय, हे ताईने मला पहिल्याच दिवशी शिकवलं. चोरटी परवापासून रवंथ करत नाही. दाव्याला उभी असते, बसत नाही, तोंड खालच्या कुंपणाकडे. पुढ्यातला वाळका चारा हुंगतसुद्धा नाही. मग आजारी म्हणावी तर दूध दुप्पट! चरवी भरून वर फेस. भावोजींना सांगितलं. दूध देते ना, म्हणाले.

या माणसाशी भांडताही येत नाही. वहीत लिहिते, निदान ही ऐकून तरी घेते.

रविवार, ता. १०

आज जोरदार वाजलं.

चारा संपत आलाय. चारावाला आठ दिवस येतो येतो म्हणतोय आणि येत नाही. आणि इथे खाली हाताएवढं उंच गवत नुसतं डोलतंय! मी सरळ विचारलं, ते कापून का घालत नाही? भावोजी बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तिकडे जनावर सोडत नाहीत. का, ते त्यांना माहीत नाही. वडिलांनी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. म्हटलं, जनावर सोडायचं नाही ना? मग मी जनावर सोडत नाही, गवत वर आणते.

ते ताईकडे बघायला लागले. ताईने खिडकीतून निकाल दिला. तिचं म्हणणं, गाई उपाशी मारण्यापेक्षा कापलेलं बरं.

विळा घेऊन गेले. इतकं मऊ गवत मी आयुष्यात हातात धरलं नव्हतं. पात्याला धारच नाही, रेशमासारखं. कापलं की देठातून पांढरट रस येतो आणि वास गोड, तापवलेल्या दुधासारखा. माती मात्र गार. एवढ्या उन्हात पायाला गार लागत होती, छान वाटत होतं. भारे वाहून मान मोडली, पण सातही गव्हाणी भरल्या. सगळ्यांनी चाटूनपुसून संपवलं. बडबडी हंबरायची थांबली. म्हटलं, बघा, पोट भरलं की कशी तोंडं बंद होतात.

मंगळवार, ता. १२

दूध इतकं येतंय की कॅन पुरत नाहीत. गाडीवाला खूश. म्हणाला, शहरात लोक विचारतात, हे कुठल्या गोठ्यातलं. त्याच्या घरचे आता दुसरं दूध पीतच नाहीत. ताईला हाडासाठी दूध प्यायला सांगितलंच आहे. ती दिवसातून चार-पाच पेले पिते. भावोजी उभ्याउभ्या तांब्या रिकामा करतात.

मला मात्र चैन नाही. सातातली एकही गाय रवंथ करत नाही. एकही बसत नाही. सगळ्या एका बाजूला तोंड करून उभ्या, रांगेत टांगलेल्या कपड्यांसारख्या. आणि परवा मुळापासून कापलेलं गवत पुन्हा माझ्या गुडघ्याएवढं झालंय. दोन दिवसांत! कुंपणाच्या अलीकडेही फुटलंय.

भांडून भांडून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. जाडजूड, हसरे गृहस्थ. पोटाला नळी लावून ऐकलं, डोळे बघितले, कपाळाला आठी घातली. म्हणाले, पोटात हालचाल जवळजवळ नाही. इतकं शांत पोट मेलेल्या जनावराचं असतं. पण डोळे स्वच्छ, ताप नाही, दूध भरपूर. त्यांनाही कळेना. गवताचा नमुना पिशवीत घेतला, चार दिवसांनी सांगतो म्हणाले. ताईने दुधाचा चहा करायला लावला, वर दुधाची भरलेली बरणी दिली. तो चहा मीच केला.

गुरुवार, ता. १४

आज दिवसभर मला कुणी ओरडलं नाही.

हे दुपारी लक्षात आलं. मी बादली हौदात पाडली, कोंबड्या मोकाट सोडल्या, तरी खिडकी गप्प. आत जाऊन बघितलं तर ताई बसलेली, उशीला टेकून, बाहेर बघत. जेवणाचं ताट तसंच. विचारलं, दुखतंय का? मान हलवली. काही हवं का? म्हणाली, दूध.

भावोजींना गाठलं. जीपपाशी उभे होते, हातात पाना, काही करत नव्हते. त्यांना म्हटलं, त्या गवतात काहीतरी आहे. तुम्हाला जे माहीत असेल ते आत्ता सांगा. उद्या नाही.

तेव्हा बोलले. गेल्या उन्हाळ्यात त्यांची म्हातारी घोडी कुंपण ओलांडून तिथे जाऊन उभी राहिली. बोलावली तर येईना, ओढली तर हलेना. हे म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी गवत तिच्या पोटापर्यंत आलं होतं. तिसऱ्या दिवशी पाठीपर्यंत. मग दिसेनाशी झाली. त्या वर्षी तुकडा खाटेएवढा होता.

मी खाली बघितलं. आता तो घराच्या दुप्पट आहे.

ताईला हे माहीत आहे का, विचारलं. नाही म्हणाले. घोडी पळून गेली एवढंच तिला माहीत, बाकीचं सांगायचं राहून गेलं.

इतका संताप आला! त्यांच्या हातातून पाना हिसकावला आणि भिंतीवर फेकला. त्यांनी तो उचललाही नाही. मी दुधाच्या चरव्या उकिरड्यावर ओतल्या आणि ताईला सांगितलं की दूध बंद. ती रडली नाही, भांडली नाही. माझ्याशी न भांडणारी ताई मी पहिल्यांदाच बघितली.

शुक्रवार, ता. १५

सकाळी गोठा रिकामा. दावी तुटलेली. सातही गाई खाली गवतात.

दोर घेऊन एकटीच गेले, भावोजी काही उठले नाहीत. बडबडीच्या गळ्यात दोर घातला, ओढला. हलली नाही. डोळे माझ्याकडे, ओले, अगदी तिचे. वाटलं पाय चिखलात रुतलाय. गवत बाजूला करून हाताने माती उकरली.

खूर नाही.

पाय मातीत जातो आणि पुढे खूर नाही. पांढरे दोरे आहेत. बारीक, ओले, शेकडो, जमिनीत गेलेले. एक धरून ओढला तर तुटला. रक्त नाही. तोच पांढरट रस. आणि बडबडी — एवढी बडबडी गाय — तिने फक्त एक मोठा सुस्कारा टाकला. दुखल्याचा नव्हता तो. बरं वाटल्याचा होता.

पळत आले. वाटेत दोनदा पडले. माझे पाय धुतले, घासून घासून धुतले, बोटांच्या मध्ये बघितलं. माझ्या पायांना काही नाही.

ताईला इथून हलवायला हवं. पण कसं? जीप बंद. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. प्लास्टरसकट ताई माझ्याने उचलत नाही. इस्पितळात फोन केला. म्हटलं, बहीण जेवत नाही, बोलत नाही. म्हणाले, रुग्णवाहिका बाहेर गेली आहे, मोकळी झाली की पाठवतो. दुधाची गाडी उद्या सकाळी येईल, तिच्यात घालून नेईन.

शनिवार

डॉक्टरांना फोन लावला. बायकोने उचलला. ते कालपासून घरी नाहीत. इकडेच यायला निघाले होते म्हणाली. गाडी घरीच आहे. बूटही घरीच.

भावोजींना काय सांगू म्हणून बाहेर आले तर ते अंगणात नाहीत. त्यांच्या चपला कुंपणाशी. शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. या माणसाने कधी एक वस्तू जागेवर ठेवली नाही.

ते गाईंच्या मधे उभे आहेत. पाठ माझ्याकडे. थोडं पलीकडे एक जाडजूड माणूस. मी ओरडले, नावं ठेवली, हातापाया पडले. भावोजींनी मान अर्धी वळवली, मला बघितलं, आणि अगदी नेहमीसारखे, अगदी सभ्यपणे म्हणाले, "उद्या बघू."

गाडी आली. तेवढ्यासाठी जीव धरून होते. गाडीवाला उतरला, हसला. म्हटलं, दादा, ताईला उचलायला हात लावा, लवकर. तो हो म्हणाला. हो म्हणत म्हणत बूट काढले. मी त्याची बाही धरली, फाटली, हातात राहिली. तो चालत गेला. किल्ली त्याच्या खिशात, नाहीतर येत नसताना चालवली असती.

मागे कॅन रिकामे. म्हणजे इथून नेलेलं दूध सगळं शहरात —

मी ओतायच्या आधीचं. त्याच्या आधीचं. आठवडाभराचं. रोज वाढतं दूध.

शनिवार, संध्याकाळ

दारं लावली. ताईच्या पलंगाला पट्ट्याने तिची कंबर बांधली. तिने बांधू दिलं.

प्लास्टरच्या टोकाला, बोटांपाशी, सुताचे धागे लोंबत होते. बँडेजचे असतील म्हणून मी सवयीने ओढले. टाका संपला की उरलेला दोरा ओढतो तसे.

तिने पाय आखडला.

धागे नखाखालून येतात.

कात्री आहे माझ्याकडे. माझ्या कामाची, धारेची कात्री. हातात घेतली. पुन्हा ठेवली.

रविवार

रुग्णवाहिका आली! खिडकीतून दिव्याचा झोत दिसला तेव्हा मी रडायलाच लागले. ताईला म्हटलं, आले बघ, आले.

फाटकाशी थांबली. दोघं उतरले. स्ट्रेचर घेतलं नाही. घराकडे बघितलं नाही. एकाने वाकून बुटाची नाडी सोडली —

मी दार उघडलं नाही. हाक मारली नाही. काय उपयोग.

त्यांच्यामागे रस्त्यावर आणखी लोक आहेत. चालत येतायत. घाई नाही, बोलणं नाही. एका बाईच्या कडेवर मूल. मी खिडकीवर चादर टाकली.

ताईने ती खाली ओढली.

सोमवार

फोन कुणी उचलत नाही. इस्पितळ नाही. मालकीणबाई पण नाहीत.

गवत हौदापर्यंत आलंय.

ताई काहीच खात नाही. पाव दिला, अंडं दिलं, सूप केलं, चमच्याने भरवलं. सगळं ओठांतून बाहेर येतं. दूध नाही तर काही नाही. गाल आत गेलेत. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.

मी एकटी निघून जाऊ शकते. मागच्या दाराने, डोंगराच्या बाजूने. अजून तिकडे वाळकंच आहे. पायात बूट घालून दोनदा दारापर्यंत गेले.

ती हाक मारत नाही. मारली असती तर कदाचित रागावून गेले असते.

मंगळवार?

ताई बोलली.

भूक लागली गं, म्हणाली. मी धावत पाव आणला. तिने मान फिरवली आणि खिडकीकडे बोट केलं.

नाही म्हटलं. दुपारपर्यंत नाही म्हटलं. तिचा श्वास असा चाललाय की दोन श्वासांच्या मध्ये मी उठून बघते. मरेल. माझ्यासमोर, भुकेने, आणि खिडकीबाहेर ढीगभर —

गेले. फक्त काठावर. बूट घालून. भावोजींकडे बघितलं नाही. ओंजळभर कापलं आणि आले.

खाल्लं तिने. माझ्या हातातून. डोळे मिटून. आणि तिच्या गालांवर रंग आला. खरंच आला, मी बघितला. डोळे उघडले आणि मला म्हणाली, केसांचा काय अवतार केलायस? किती दिवस विंचरले नाहीस? जेवलीस कधी शेवटची? हाडं दिसतायत मेली तुझी.

मी हसले. मग रडले. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले. तिने केसांतून हात फिरवला. बोटं गार होती.

कुंपण, गाई, प्लास्टर, सगळं विचारलं. सगळं तिच्या लक्षात आहे. तीच आहे. ताईच आहे.

संध्याकाळ

उरलेलं गवत तिने मांडीवर घेतलं. पाती सारखी केली, बोटांनी घडी घातली, आई कामावर गेल्यावर मला भरवायची तसा घास केला आणि पुढे धरला.

"आ कर."

मला नको म्हटलं. पोटाला सोसत नाही म्हटलं. तिचा चेहरा पडला. "माझ्या हातचा नको?" म्हणाली.

लिहिते आहे म्हणून थांबली आहे. हात तसाच पुढे. जराही हलत नाही. किती वेळ झाला, खाली घेत नाही. दुखेल ना तिचा हात.

बाहेर कुणीही ओरडत नाही. सगळं शांत आहे. पाच-सहा दिवस मी एकटीच ओरडतेय.

मघापासून वास येतोय. गोड आहे. दुधासारखा नाही, अगदी वेगळा, मला कधी दुधाचा वास आवडला नाही पण हा —

ताई हसते आहे. म्हणते, कसली वही घेऊन बसलीस, ठेव ती.

एकच घास. तिचं मन राखायला. एक घेते आणि मग तिला सांगते की आपल्याला निघायला हवं, तिला पाठीवर घेईन, मागच्या दाराने, मी बूट काढलेत ते घालते आणि —

बूट मी कधी काढ